निजामाचं दप्तर चालतं, मग 1948 चं का नाही?

2 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्र सरकारने एक शासन निर्णय काढला आणि मनोज जरांगे यांचं आझाद मैदानावरचं उपोषण सुटलं. मराठवाड्यातल्या मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्र देताना हैदराबाद गॅझेटियरमधल्या नोंदींचा आधार घ्यायचा, असा त्याचा मथितार्थ. गुलाल उधळला गेला, मुंबईतून गाड्या परत निघाल्या. बरोबर पंधरा दिवसांनी 17 सप्टेंबर आला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनं झाली, भाषणं झाली आणि निजामाच्या ‘जुलमी, धर्मांध’ राजवटीचा दरवर्षीसारखा उद्धार झाला. ज्या राजवटीचं कागदपत्र पंधरवड्यापूर्वी सत्याचा पुरावा ठरलं होतं, तीच राजवट आता शिवी झाली. या विसंगतीचं कुणाला काही वाटलं असेल, असं दिसलं नाही.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मराठवाड्यातल्या गरीब शेतकऱ्याला आरक्षण मिळावं की नाही, हा या लेखाचा विषय नाही. मराठा विरुद्ध ओबीसी या वादातही मला पडायचं नाही. मला बोलायचं आहे ते दप्तराबद्दल. इतिहासाचं कोणतं दप्तर उघडायचं आणि कोणतं कुलपात ठेवायचं, हे मराठवाड्यात कोण ठरवतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, त्याबद्दल.

सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणब्यांच्या जुन्या नोंदी शोधायचं काम सुरू झालं. तहसील कचेऱ्यांच्या अडगळीतून निजामकालीन बस्ते बाहेर निघाले. आणि अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की हे सगळं उर्दूत आहे, काही फारसीत, काही मोडीत. मग उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पथकं हैदराबादलाही जाऊन आली. ज्या भाषेची पाटी एखाद्या नगरपालिकेवर दिसली की लोक कोर्टापर्यंत जातात, त्या भाषेचे जाणकार अचानक सरकारी कामाला हवेसे झाले.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला यात नवल नाही. त्याची जमीन कागदावर अजून त्याच जगात राहते. इनामी जमिनीचा तंटा निघाला की ‘मुंतखब’ लागतो, पन्नाशीच्या दशकातल्या मालकीसाठी ‘खासरा’ लागतो. हे शब्द लातूरच्या किंवा हिंगोलीच्या कुठल्याही वकिलाला विचारा. उर्दू कागद वाचून घ्यायला पाटील, देशमुख, माळी, धनगर असे सगळे मोहल्ल्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या निवृत्त मास्तरकडे येतात. मास्तर चष्मा लावून वाचतात, चहा होतो, कागद पिशवीत परत जातो. निजामाचा वारसा इथं असा सर्वांच्या पिशवीत आहे. भाषणात मात्र तो एकट्या मुसलमानाच्या नावावर चढवला जातो.

आता 1948 कडे येऊ. मराठवाड्याच्या एखाद्या खेड्यात जुन्या माणसांशी बोलायला बसलात तर एक गोष्ट लक्षात येते. त्या एका वर्षासाठी एकाच गावात दोन शब्द आहेत. हिंदू घरात ‘रझाकारात’ म्हणतात. रझाकारात आजोबा गाव सोडून सोलापूरच्या हद्दीत गेले, रझाकारात घर जळालं. मुसलमान घरात ‘पोलिस ॲक्शन’ म्हणतात. पोलिस ॲक्शनच्या आधी आपली जमीन होती, पोलिस ॲक्शनमध्ये चुलता गेला. दोन्ही घरं खरं बोलतात. मात्र पहिल्या शब्दाला पाठ्यपुस्तक मिळालं, स्तंभ मिळाला, मुख्यमंत्र्यांचं झेंडावंदन मिळालं. 2024 मध्ये सिनेमाही मिळाला. दुसरा शब्द घरातच राहिला. तोही दबक्या आवाजात.

पहिला शब्द खोटा आहे असं कुणी समजू नये. निजामाचं राज्य जुलमी होतं. राज्यात मुसलमान सुमारे तेरा टक्के, आणि नोकरशाही, पोलीस, लष्कर बहुतांशी त्यांच्या हातात. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या प्रजेच्या लेकरांना वरचं शिक्षण उर्दूतूनच घ्यावं लागे. सभा घ्यायची तर परवानगी, त्यासाठी ‘गश्ती 53’ सारखं फर्मान. लोकांनी निवडलेलं जबाबदार सरकार नावालाही नाही. स्वामी रामानंद तीर्थांनी, गोविंदभाई श्रॉफांनी, हजारो साध्या माणसांनी या राज्याविरुद्ध लढा दिला. तो न्याय्य लढा होता. आणि शेवटच्या वर्षात कासिम रझवीच्या रझाकारांनी जे केलं, त्याला माफी नाही. गावोगाव खंडणी, न दिल्यास लूट आणि जाळपोळ. बिदरकडच्या गोरट्यात दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली, असं तिथले लोक सांगतात. हे आपल्या जमातीतल्या कुणाला ऐकायला जड जात असेल तर त्याने आधी हे ऐकावं. त्याशिवाय पुढचं बोलण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत शिरल्या. सोलापूरकडची तुकडी नळदुर्गावरून पुढे सरकली. 17 तारखेला संध्याकाळी निजामाने हार मानली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींपुढे शरणागती दिली. पाच दिवसांत संपलेलं हे प्रकरण पुस्तकात इथंच संपतं. मराठवाड्यातल्या मुसलमानाचं मात्र इथून सुरू होतं.

त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं याच्या बातम्या दिल्लीला पोहोचल्या, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी एक सदिच्छा मंडळ पाठवलं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. तिघेही काँग्रेसच्या आणि राष्ट्रीय चळवळीच्या वर्तुळातले, निजामाचे हस्तक नव्हेत. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते फिरले. राज्याच्या सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. त्यांचा अंदाज असा की, फार सावधपणे मोजलं तरी लष्करी कारवाईत आणि त्यानंतर राज्यभरात 27 ते 40 हजार माणसं मेली. सर्वांत वाईट अवस्था चार जिल्ह्यांची: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच किमान 18 हजार. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापारी गाव, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचं. मंडळाच्या नोंदीप्रमाणे तिथं वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, मंडळ पोहोचलं तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे पळाले होते.

या आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहे. असावा. सरदार पटेलांना हा अहवाल पसंत पडला नाही, रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेशी जागा नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तोही तपासावा. पण वाद घालायला अहवाल समोर तर हवा! तो प्रसिद्धच झाला नाही. साठ-पासष्ट वर्षं तो सरकारी कपाटात राहिला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहता येऊ लागल्याची बातमी 2013 मध्ये आली, ए. जी. नूरानींनी आपल्या इंग्रजी पुस्तकात तो छापला, म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो. कुणब्यांच्या नोंदी अडगळीतून काढायला समिती नेमता येते, मुदतवाढ देता येते, भाषातज्ज्ञ आणता येतात. या अहवालाचं अधिकृत मराठी भाषांतर मात्र आजवर कोणत्याही सरकारला सुचलेलं नाही. काँग्रेसला सुचलं नाही, युतीला सुचलं नाही, आघाडीला सुचलं नाही. सगळ्यांना मुसलमानांची मतं हवी होती, कुणाची कमी, कुणाची जास्त. त्यांचे मेलेले मोजायला कुणी तयार नव्हतं.

‘जुनी मढी कशाला उकरता?’ असं मला हमखास विचारलं जाईल. मढी आम्ही उकरत नाही आहोत. दर 17 सप्टेंबरला ती उकरली जातात, फक्त निम्मी. मार्च 2023 मध्ये खुद्द केंद्रीय गृहमंत्र्यांनी गोरट्यात हुतात्मा स्मारकाचं उद्घाटन केलं. मार्च 2024 मध्ये केंद्राने 17 सप्टेंबर हा ‘हैदराबाद मुक्तिदिन’ म्हणून दरवर्षी पाळण्याची अधिसूचना काढली, आणि त्याच महिन्यात रझाकारांवरचा तेलुगू सिनेमा पडद्यावर आला. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हे वेगळं सांगायला नको. गोरट्यात स्मारक व्हायलाच हवं होतं. ती माणसं आपली होती. प्रश्न एवढाच की लातूरच्या त्या हजारांसाठी एखादा दगड तरी कुठे आहे?

अर्धवट आठवणीचं राजकारण कसं चालतं, ते पाहा. निवडणूक आली की ‘रझाकार’ हा शब्द सभांमधून फिरू लागतो. संभाजीनगरात, नांदेडात, परभणीत. एमआयएमचा उमेदवार उभा असला तर मग विचारायलाच नको. पण तो नसला तरी शब्द फिरतो, कारण त्याचा खरा पत्ता वेगळा असतो. शहागंजमधला फळवाला, जिंतूर नाक्यावरचा गॅरेजवाला, बीडचा ऊसतोड मजूर मुसलमान, यांच्यापर्यंत तो बरोबर पोहोचतो. 1948 मध्ये यांचे आजोबा काय होते? कुणी विणकर, कुणी पिंजारी, कुणी तांबोळी, कुणी अत्तार, कुणी कसाई, कुणी पाटलाच्या शेतावरचा सालगडी. निजामाच्या दरबारात यांना उभं राहायलाही जागा नव्हती.

आणि दरबार ज्याचा होता, त्याचं काय झालं? मीर उस्मान अली खान 26 जानेवारी 1950 पासून स्वतंत्र भारतात हैदराबादचे राजप्रमुख झाले. आजच्या भाषेत राज्यपालच म्हणा. 1956 मध्ये राज्याची फाळणी होईपर्यंत ते त्या पदावर होते. वर्षाला 50 लाखांचा तनखा ठरला. 1967 मध्ये ते आपल्या महालात वारले, अलोट गर्दीत त्यांचा जनाजा निघाला. कासिम रझवी तुरुंगातून 1957 मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. हा गृहस्थ मुळात उत्तर प्रदेशातून आलेला, लातूरला वकिली करणारा. आग लावून तो कराचीला गेला, आणि राख अजून लातूरच्या मुसलमानाच्या अंगाला फासली जाते. निजामाशी भारत सरकारने समझोता केला. निजामाच्या नावाने ज्यांना शिव्या दिल्या जातात, त्यांच्याशी समझोता करायची गरज कुणाला वाटली नाही. निजामाची फौज मोडली, 1949 मध्ये जहागिरी गेल्या, नोकरशाहीतून माणसं निघाली. जहागिरी गेल्या ते बरंच झालं. पण त्या दरबाराच्या सावलीत जगणारा शिपाई, कारकून, चपराशी, कोचवान रस्त्यावर आला आणि त्याच्या पोरांनी शाळा सोडून पंक्चरचं दुकान धरलं. मराठवाड्यातल्या मुसलमानांच्या मागासलेपणावर इतक्या समित्यांनी पानं खर्च केली, त्यात 1948 हा आकडा शोधून पाहा.

आता थोडं आपल्या घरात. आपल्याकडे या विषयावर दोनच सुरू असलेले उद्योग आहेत. एक म्हणजे गप्प बसणं. पहिल्या पिढीचं गप्प बसणं मला समजतं, ज्यांच्या डोळ्यांदेखत झालं त्यांना पुन्हा त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत राहायचं होतं. तिसऱ्या पिढीला ते कारण नाही. दुसरा उद्योग निजामाच्या गौरवाचा. व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरतो: निजामाने 1965 च्या युद्धात देशाला पाच टन सोनं दान दिलं. दिलेलं नाही. त्यांनी सरकारच्या सुवर्णरोख्यांत सुमारे 425 किलो सोनं गुंतवलं होतं, साडेसहा टक्के व्याजाने. गुंतवणूक ही गुंतवणूक, दान हे दान. आपली देशभक्ती सिद्ध करायला एका अतिश्रीमंत राजाचं खोटं दानपत्र कशाला लागतं? उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा आपल्यातले बरेच जण असे हळहळले, की जणू आजोबांच्या नावाची पाटी काढली. शहराचं नाव बदलण्यामागचा हेतू मला ठाऊक आहे, त्याला माझा विरोध आहे. पण उस्मान अली खान यांचं नाव राखण्यासाठी मी रडणार नाही. त्यांनी वेळेवर भारतात सामील व्हायचा शहाणपणा दाखवला असता, रझवीला आवरलं असतं, तर त्या जिल्ह्यातली हजारो माणसं जगली असती.

रडायचंच असेल तर शोएबुल्लाह खान यांच्यासाठी रडावं. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे ते संपादक. वय अठ्ठावीसच्या घरात. हैदराबादने भारतात सामील व्हावं, रझाकारांना आवर घालावा, असं ते उर्दूत, हैदराबादेत बसून, रझाकारांच्या नाकावर टिच्चून लिहीत. ऑगस्ट 1948 मध्ये सात मुसलमानांनी याच अर्थाचं निवेदन काढलं, ते त्यांनी छापलं. त्याच महिन्यात, 21 तारखेच्या रात्री घरी परतताना रझाकारांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि लिहिता हात तोडला. 22 ऑगस्टला पहाटे ते वारले. मुक्तिसंग्रामाच्या किती भाषणांत हे नाव ऐकलं आपण? आणि आपल्या जलशांत, मुशायऱ्यांत, उर्दू शाळांच्या स्नेहसंमेलनांत? तिथं तर त्याहून कमी. व्यासपीठावरच्या लोकांना हे नाव नको, कारण मग ‘मुसलमान म्हणजे रझाकार’ हे समीकरण बसत नाही. आपल्याला नको, कारण ते उच्चारलं की रझाकारांबद्दल स्पष्ट बोलावं लागतं. मखदूम मोहिउद्दीन शायर म्हणून आपल्याला पाठ आहेत. निजामाविरुद्ध लढणारे कम्युनिस्ट मखदूम मात्र आपण सोयीने विसरतो.

एमआयएमला या संदर्भात टाळता येणार नाही. 1927 मध्ये स्थापन झालेली मजलिस रझवीच्या हाती गेली, 1958 मध्ये अब्दुल वाहिद ओवैसींनी ती नव्या घटनेसह पुन्हा उभी केली. नवी मजलिस भारतीय संविधान मानते, निवडणुका लढते, संसदेत चांगलं बोलते. मग रझवीच्या काळाबद्दल नि:संदिग्ध ठराव करायला काय अडचण आहे? 2022 मध्ये असदुद्दीन ओवैसींनी 17 सप्टेंबर हा ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून पाळावा, अशी मागणी केली. ठीक आहे. पण 2012 मध्ये नांदेड महापालिकेत अकरा जागा जिंकून ज्यांनी मराठवाड्यात पाय रोवला, त्यांच्या इथल्या पुढाऱ्यांनी रझाकारांच्या बळींच्या स्मारकावर एकदा तरी फूल वाहायला जावं. तुम्ही लातूरच्या हजारांचं नाव घ्याल तेव्हा समोरचा ऐकेल, अशी थोडी तरी शक्यता त्यातून निर्माण होते.

सुंदरलाल अहवालात एक भाग आहे, जो दोन्ही बाजूंचे वाचत नाहीत. मंडळाने नमूद केलंय की अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. खासकरून एका धंद्यातल्या माणसांत हा आपलेपणा दाट होता. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंच्याच जमावापासून वाचवलं, आणि त्यापायी काहींचे जीवही गेले. पळवलेल्या मुसलमान बायकांना परत आणायला हिंदूंनी मदत केली, असंही मंडळ लिहितं. जीव देणाऱ्या त्या विणकरांची नावं कुठल्याच स्तंभावर नाहीत. रझाकारांशी लढताना ते मेले असते तर ते हुतात्मे ठरले असते. शेजाऱ्यासाठी मेले म्हणून यादीत नाहीत. ज्यांनी हा अहवाल दाबला, त्यांनी फक्त मुसलमानांचं दु:ख दाबलं नाही, या विणकरांचं शौर्यही त्याच कपाटात बंद केलं.

म्हणून मागणी साधी आहे. सुंदरलाल मंडळाचा अहवाल, त्यावरचे पटेलांचे आक्षेप आणि रझाकारांच्या अत्याचारांची तेव्हाची सरकारी कागदपत्रं, हे सगळं एका खंडात, मराठीत, राज्य सरकारने छापावं. दराबद्दल घासाघीस नको, पाठ्यपुस्तकाच्या किमतीत द्यावं. वाद व्हायचा तो त्या खंडावर व्हावा. आणि ज्यांच्या घरात 1948 च्या आठवणी आहेत, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही, त्यांच्याकडून त्या नोंदवून घ्याव्यात. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल 2025 मध्ये सत्याऐंशीचं झालं. जिल्ह्याजिल्ह्यात अशी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली असतील. कुणबी नोंदी शोधणाऱ्या पथकांना तहसीलची वाट आणि उर्दूचे वाचक दोन्ही आता ठाऊक झाले आहेत. त्याच बस्त्यांमध्ये सप्टेंबर 1948 नंतरचे पंचनामे, अर्ज, जप्तीच्या याद्या, परत न आलेल्या माणसांच्या जमिनींचे फेरफारही असणार. कुणबी सापडला की बस्ता पुन्हा बांधायचा, की पुढची चार पानंही वाचायची, एवढंच त्यांनी सरकारला विचारून घ्यावं.